एक मासा सोनें

सोन्याच्या खाणीशीं आमच्या घराण्याचा दोन पिढ्यांचा संबंध होता, असें बोलतां बोलतां कोठें सांगितलें कीं ऐकणाऱ्याची नजर आधीं आमच्या बोटांकडे आणि मग आमच्या सौभाग्यवतीच्या गळ्याकडे जाते. दोन्ही ठिकाणीं तिची निराशा होते. मग तो गृहस्थ जरा चांचरत विचारतो, "म्हणजे खाण तुमच्या मालकीची होती कीं काय?" "छे, आमचे पणजोबा आणि आजोबा तेथें नोकरीला होते," असें आम्हीं उत्तर दिलें म्हणजे त्याचा आमच्याविषयींचा आदर सुवर्णयुगांतून एकदम लोहयुगांत येऊन पडतो. आम्हांला त्याचें वाईट वाटत नाहीं. ज्यांच्या खाणी होत्या त्यांना सोनें कसें मिळालें हें कोणी विचारीत नाहीं. आम्हांला मात्र तें कां मिळालें नाहीं हें सांगावें लागतें, आणि हीच गोष्ट अधिक ऐकण्यासारखी आहे अशी आमची समजूत आहे.

आमचें मूळ घर कोलारचें. शहाजीराजांना आदिलशाहीकडून बंगळूर-कोलारकडील जहागीर मिळाली, तिच्या मागोमाग जीं मराठी घराणीं कर्नाटकांत उतरलीं त्यांपैकींच आपण एक, असें घरांतले वडीलधारे सांगत. त्याला कागदाचा पुरावा नाहीं. पण आजोबांना 'अज्जा' आणि भाताला 'अन्न' म्हणणारी, क्रियापदें मराठी आणि शिव्या कानडी अशी जी आमची घरची भाषा, तिचा पुरावा एखाद्या सनदेहून कमी नाहीं. कोलार शहर आणि सोन्याच्या खाणी यांत तीसेक किलोमीटरांचें अंतर आहे. पणजोबा तेवढें अंतर ओलांडून एका इंग्रजी कंपनीच्या कोठीवर कारकून झाले, आणि त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचे अज्जा, १९२१ सालीं त्याच कंपनीच्या कसणीखान्यांत लागले. तेथून ते १९५६ सालीं निवृत्त झाले. त्याच वर्षीं म्हैसूर सरकारनें खाणी आपल्या ताब्यांत घेतल्या. अज्जा म्हणत, "मी गेलों, मग कंपनी तरी राहून काय करणार?"

हा सारा इतिहास घरांत स्वस्थ निजला होता. त्याला जागें केलें आमच्या पुतण्यानें. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत बेंडिगो नांवाचें गांव आहे. तेथें तो पुलांच्या कामावर इंजिनियर आहे. कांहीं वर्षांपूर्वीं त्यानें आम्हांस कळविलें कीं, त्यानें एक धातुशोधक यंत्र, ज्याला मेटल डिटेक्टर म्हणतात तें, विकत घेतलें असून सुटीच्या दिवशीं तो रानांत सोनें शोधीत हिंडत असतो. पत्राच्या शेवटीं होतें, "काका, शेवटीं रक्त तें रक्तच! अज्जांचा वारसा मी चालवणार."

हें वाचून आम्ही प्रथम हंसलों, आणि मग बराच वेळ अस्वस्थ होतों. कारण अज्जांनीं जन्मांत कधीं सोनें शोधलें नव्हतें. शोधणें दूरच राहो. सोनें सांपडूं नये, निदान आपल्या अंगावर सांपडूं नये, ह्याच धास्तींत त्यांचीं पस्तीस वर्षें गेलीं.

ही धास्ती समजावयाची तर कोलारचें सोनें कसें होतें तें आधीं समजलें पाहिजे. नदीच्या वाळूंत चमकणारे कण, रानांत पायाला ठेंच लागून वर येणारा गोळा, हीं चित्रें तेथें फारशीं लागू नाहींत. जुन्या काळीं वरच्या मातींत थोडें मिळे. १८०२ सालीं लेफ्टनंट वॉरन नांवाचा अंमलदार मोजणीच्या कामावर तिकडे आला असतां, बक्षिसाच्या आशेनें गांवकऱ्यांनीं गाड्या भरभरून माती आणली आणि त्याच्यादेखत धुवून तिच्यांतले कण काढून दाखविले, अशी हकीकत आहे. पुढें न्यूझीलंडांतील सोन्याचीं क्षेत्रें पाहून आलेल्या लॅव्हेल नांवाच्या आयरिश शिपाईगड्यानें १८७५ सालीं म्हैसूर सरकारचा परवाना मिळविला, आणि १८८० नंतर जॉन टेलर आणि सन्स ह्या कंपनीनें कारभार हातीं घेतला. तेव्हांपासून जें सोनें निघालें तें गारगोटीच्या शिरांतलें, काळ्या खडकाच्या पोटांतलें. त्या शिरांचा पाठलाग करीत खाणी तीन किलोमीटरांहून खोल गेल्या. शिवसमुद्रच्या धबधब्यावर निर्माण केलेली वीज १९०२ सालीं सुमारें दीडशें किलोमीटर तारांवरून आणली ती ह्या खाणींसाठीं. बंगळूरच्या रस्त्यांवर ती नंतर पोंचली. टनभर दगड वर आणावा, लोखंडी मुसळांखालीं त्याचें पीठ करावें, पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून तें पाण्याबरोबर वाहूं द्यावें, राहिलेलें सायनाइडच्या द्रवांत भिजवावें. एवढा खटाटोप झाल्यावर हातीं काय यावें, तर भरभराटीच्या काळांत दोन-तीन तोळे, आणि उतरत्या काळांत अर्ध्या तोळ्याहूनहि कमी. दगड हातांत घेऊन कितीहि निरखला तरी बहुधा त्यांत सोन्याचा मागमूस दिसत नसे. न दिसणाऱ्या वस्तु धरण्याची त्या जागेला संवयच होती म्हणावयाची. १९६५ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं परदेशी सहकाऱ्यांसह ह्याच खाणींच्या तळाशीं बसून न्यूट्रिनो नांवाच्या, पृथ्वीतून आरपार जाणाऱ्या कणाचा माग काढला.

तर मग दगडांत सोनें आहे हें सांगावयाचें कोणीं? तें काम कसणीखान्याचें. खालून नमुन्यांचे दगड चिठ्ठ्या बांधलेल्या थैल्यांतून येत. ते दळून त्यांतलें मोजकें पीठ मुरदाडशिंग आणि टाकणखार यांच्याबरोबर मातीच्या मुशींत घालावयाचें आणि मूस भट्टींत लोटावयाची. मुरदाडशिंगांतलें शिसें सुटून तळाशीं बसतें, आणि बसतां बसतां दगडांतलें सोनें-रुपें आपल्या पोटांत ओढून घेतें. ही शिशाची गोळी मग हाडांच्या राखेच्या लहानशा वाटींत ठेवून पुन्हां तापवावयाची. शिसें हळूहळू राखेंत मुरतें. त्याचा शेवटचा पापुद्रा गेला कीं वाटीच्या तळाशीं एकाएकीं लखकन् उजेड पडल्यासारखें होतें, आणि मागें राहतो टांचणीच्या टोंकाएवढा मणि. त्या एका चमकेची वाट पाहत अज्जा भट्टीच्या तोंडाशीं उभे राहत. त्यांच्या भिंवया त्यामुळें कायमच्या विरळ झाल्या होत्या. मणि तीव्र आम्लांत टाकला म्हणजे रुपें विरघळून जातें. राहिलें तें सोनें, खसखशीच्या दाण्याहूनहि बारीक. तें कांचेच्या पेटींतल्या तराजूंत, पेटीचें दार लावून, तोलावयाचें. कारण माणसाच्या श्वासानेंहि पारडें हलतें. अज्जांनीं वर्षभर तोललेले सारे दाणे एकत्र केले असते तर एखादी हलकी अंगठी झाली असती. परंतु त्या दाण्याच्या वजनावर खालीं कोठला बोगदा पुढें न्यावयाचा आणि कोठला सोडून द्यावयाचा हें ठरे, आणि त्या ठरण्यावर कित्येक माणसांची रोजी अवलंबून असे. आपल्याकडे झारेकरी सराफकट्ट्यावरचा केर विकत घेऊन धुतात, हें पुष्कळांना ठाऊक असेल. अज्जांच्या खोलींतला केर कोणी विकत घेत नसे. तो कुलपांत जाई.

कारण तेथें सोन्याला मालक एकच होता. ज्याचा हिशेब देतां येत नाहीं असें कच्चें सोनें किंवा खाणींतला माल जवळ बाळगणें हाच संस्थानच्या खाणविषयक कायद्यानें गुन्हा ठरविला होता. चोरी कोठें झाली हें दाखवून देण्याची जरुरी नव्हती. तुमच्याजवळ तो आहे एवढें पुरें होतें. पाळी सुटली कीं झडती. अंगाची झडती, डब्याची झडती, प्रसंगीं घराची झडती. १९३० सालीं मजुरांच्या बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करण्याची योजना निघाली तेव्हां तिच्याविरुद्ध हजारों माणसांनीं संप केला. हे खालीं उतरणारे मजूर बहुतेक उत्तर अर्काटसारख्या तामिळ मुलुखांतून आलेले, त्यांतहि पुष्कळसे अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींचे होते. उष्मा, दगडाची धूळ, आणि खडक अकस्मात् फुटून कोसळणें हें सारें त्यांच्या वांट्याचें. आमचे अज्जा सांवलींत बसणारे. त्यांना ठसे मागितले नाहींत, त्यांची पगडीहि कोणीं उलगडून पाहिली नाहीं. म्हणून खाणीचा वारसा म्हणून आम्ही जेव्हां बोलतों तेव्हां आमचा आवाज जरा खालींच असलेला बरा.

तरी भीतीनें कारकून आणि मजूर असा भेद केला नव्हता. अज्जा कसणीखान्यांतून निघण्यापूर्वीं कोट झटकीत, नखें पाहत, कोपरापर्यंत हात धूत; आणि घरीं आल्यावर दाराबाहेर पुन्हां धूत. आम्ही त्या वेळीं पांच-सहा वर्षांचे असूं. आमची थोरली बहीण आक्का एकदां परकराच्या ओच्यांत घालून गारगोटीचा एक तुकडा घरीं घेऊन आली. त्याच्यावर पिवळे चकचकीत ठिपके होते. संध्याकाळीं अज्जांच्या दृष्टीस तो पडला. ते रागावले नाहींत. त्यांनीं दिवा बारीक केला, दार लोटून घेतलें, आणि आक्काला जवळ घेऊन विचारलें, "कोठून उचललास? नेमकी जागा सांग." मग ती काळोखांत त्यांच्याबरोबर गेली आणि तो दगड जेथला होता तेथें ठेवून दोघें परत आलीं. परत आल्यावर त्यांनीं आधीं स्वतःचे हात धुतले, मग तिचे धुतले, आणि म्हणाले, "आतां जेवायला बसूं." तें सोनें नव्हतें; माक्षिक होतें, गंधक आणि लोखंड यांचा खेळ. हें त्या साऱ्या वसाहतींत अज्जांहून चांगलें कोणाला ठाऊक असणार? पण दगडांत सोनें नाहीं हें ठाऊक असणें निराळें, आणि रात्रीं दारावर थाप पडली असतां तें सिद्ध करणें निराळें.

आजीच्या पाटल्यांची गोष्ट थोडक्यांत सांगतों. १९४३ सालीं आत्याच्या लग्नासाठीं त्या सावकाराकडे गेल्या आणि परत आल्या नाहींत. त्यांची लांकडी डबी मात्र राहिली. पुढें आजीच्या हातांत कांचेच्या बांगड्याच आम्हीं पाहिल्या.

असा हा वारसा. तो पुतण्या कसा चालवितो हें पाहण्याचा योग दोन वर्षांपूर्वीं आला. बेंडिगोच्या आसपासचें रान हें आपल्या कल्पनेंतलें रान नव्हे. आयर्नबार्क नांवाचीं काळ्या, भेगाळलेल्या सालीचीं झाडें, पायाखालीं लालसर मुरूम, आणि जिकडे पाहावें तिकडे खड्डे आणि मातीचे ढीग, जणूं घुशींच्या एखाद्या राज्याची राजधानीच. १८५१ सालीं तेथें सोनें सांपडल्याची बातमी पसरली आणि जगभरचीं माणसें येऊन जमीन उकरूं लागलीं. तेथलें सोनें कोलारच्या उलट स्वभावाचें. शिरांतलें खोल सोनें तेथेंहि आहे. पण खडक झिजून झिजून सोन्याचे गोळेच्या गोळे उथळ मातींत येऊन पडलेले. १८६९ सालीं मोलिॲगुल येथें डीसन आणि ओट्स ह्या दोघांना झाडाच्या मुळाशीं, जमिनीखालीं कांहीं सेंटिमीटरांवर, सत्तर किलोंहून अधिक शुद्ध सोनें असलेला गोळा लागला. तो तोलण्यासारखा तराजू जवळच्या गांवांत नसल्यामुळें ऐरणीवर तोडावा लागला. हे दोघेहि इंग्लंडांतील कॉर्नवॉलचे. कोलारला मुकादमी करण्यासाठीं आले तेहि कॉर्नवॉलचेच खाणवाले. एकाच परगण्यांतलीं माणसें एकीकडे स्वतःसाठीं खणीत होतीं, आणि दुसरीकडे दुसऱ्यांच्या डब्यांची झडती घेत होतीं!

यंत्र दिसावयाला साधें. दांड्याच्या टोंकाला एक तबकडी, तबकडींत तारेचें वेटोळें, कानांना लावलेले श्रवणे. वेटोळ्यांतून विजेचे झटके सोडले कीं जमिनींत क्षणभर चुंबकक्षेत्र उत्पन्न होतें; तेथें धातूचा तुकडा असला तर त्यांत सूक्ष्म प्रवाह फिरूं लागतात, आणि त्यांची चाहूल वेटोळ्याला लागून कानांत स्वर चढतो. टेलिफोनचा जनक ग्रॅहॅम बेल यानें १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरांतली गोळी अशाच यंत्रानें शोधून पाहिली होती, पण त्याला यश आलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत पेरलेले सुरुंग हुडकण्यासाठीं हीच युक्ति कामास आली, आणि मग हौशी लोकांच्या हातीं. १९८० सालीं व्हिक्टोरियांतील किंगोवर येथें एका गृहस्थाला अशाच यंत्रानें २७ किलोंचा गोळा सांपडला, तेव्हांपासून त्या प्रांतांत तबकडी फिरविणाऱ्यांना तोटा नाहीं. हें यंत्र कोलारला नेलें तर मुकें बसेल. पिठासारखें विखुरलेलें सोनें त्याला ऐकूं येत नाहीं. अज्जांची भट्टी जें ऐके तें ह्याच्या कानापलीकडचें.

दोन दिवस आम्ही त्याच्या मागोमाग हिंडलों. स्वर चढे, पुतण्या गुडघे टेंकून माती उकरी, आणि निघे काय, तर गंजलेला खिळा, शिशाचा छर्रा, बाटलीचें टोपण, बुटाच्या टांचेची नाल. लोहयुक्त खडकावर तर यंत्र उगाचच ओरडे. प्रत्येक खड्डा तो पुन्हां बुजवी. आम्हीं विचारलें, "हें कोणाच्या परवानगीनें चाललें आहे?" त्यानें पाकिटांतून एक कागद काढून दाखविला. मायनर्स राइट, म्हणजे खाणकऱ्याचा हक्क, असें त्याचें नांव. थोडी फी भरली कीं तो दहा वर्षें चालतो. राखीव उद्यानें आणि निषिद्ध जागा सोडून हातच्या हत्यारांनीं शोधावें, आणि सांपडलेलें सोनें आपलें म्हणावें.

ह्या कागदानें आम्हांला यंत्रापेक्षां अधिक विचारांत पाडलें. तो कोणीं दयाबुद्धीनें दिलेला नाहीं. आरंभीं तेथें महिन्याला ३० शिलिंगांचा परवाना होता; सोनें लागो वा न लागो, तो भरावयाचा, आणि शिपायानें वाटेल तेव्हां अडवून 'परवाना दाखव' म्हणावें. ३ डिसेंबर १८५४ रोजीं बॅलराटच्या युरेका येथें कुंपण घालून बसलेल्या खणणाऱ्यांवर पहांटे सैन्य चालून गेलें, आणि वीसांहून अधिक लोक मारले गेले. पुढच्याच वर्षीं वर्षाला एक पौंड फीचा हा हक्क आला, आणि त्याबरोबर मतहि. अर्थात् हक्काचा हा उजेड सर्वांवर सारखा पडला नाहीं. त्याच १८५५ सालीं चिनी माणसांवर उतरतांच डोईमागें दहा पौंडांचा कर बसला; तो चुकविण्यासाठीं ते शेजारच्या प्रांतांतील रोब बंदरावर उतरून कित्येकशें किलोमीटर पायीं चालत आले. आणि ज्यांची ती भूमि मुळापासून होती, त्या जा-जा-वुरुंग लोकांना कोणीं कांहीं विचारलेंच नाहीं. ह्या खणून काढलेल्या मुलुखाला ते उलटीपालटी झालेली भूमि म्हणतात. सरकारनें त्यांच्याशीं रीतसर करार केला तो २०१३ सालीं.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं, एका जुन्या चराच्या कांठीं, स्वर चढला तो बारीक आणि गोड. वीतभर मातीखालून निघालेला खडा पुतण्यानें बाटलींतल्या पाण्यानें धुतला आणि आमच्या तळहातावर ठेवला. हरभऱ्याच्या डाळीहूनहि लहान. पण जड, आणि असा पिवळा कीं त्याला कसोटीची गरज नव्हती. घरीं तराजूवर ०.९७ ग्रॅम भरला. आठ गुंजा, म्हणजे बरोबर एक मासा. अज्जांचे किती हजार दाणे एकत्र केले म्हणजे तो झाला असता, हा हिशेब आम्हीं मनांत मांडला आणि सोडून दिला.

परंतु तो खडा हातावर पडतांच आम्हीं जें केलें तें सांगितलें पाहिजे. आम्हीं मूठ मिटली आणि भोंवतीं पाहिलें. झाडांखेरीज कोणी नव्हतें. पुतण्यानें विचारलें, "काका, कोणाला बघतां?" आम्ही गप्प राहिलों. ज्या पहारेकऱ्याला आम्ही बघत होतों तो सत्तर वर्षांपूर्वीं, समुद्रापलीकडे, खाणीच्या फाटकाशीं उभा असे.

रात्रीं ह्याच गोष्टीवरून आमचा वाद झाला. त्याचें म्हणणें, घराण्यांत सोन्याची विद्या होती, ती यंत्राच्या रूपानें परत आली. आम्हीं म्हटलें, विद्या होती ती कसण्याची. शोधण्याचा तर अधिकारच नव्हता. आजहि आपल्या देशांत १९५७ च्या खनिज कायद्याखालीं परवाना घेतल्यावांचून कोणीं सोनें शोधीत फिरूं शकत नाहीं. आणि तो परवाना सुटींत हिंडणाऱ्या हौशी माणसासाठीं नव्हे. कोलारच्या खाणींतून सव्वाशें वर्षांत सुमारें ८०० टन सोनें निघालें. २८ फेब्रुवारी २००१ रोजीं त्या बंद झाल्या. मागें राहिले ते सायनाइडच्या गाळाचे डोंगर, ज्यांची धूळ वारा सुटला कीं घरांघरांत शिरते. आणि राहिलीं खालीं उतरणाऱ्यांचीं नातवंडें, जीं पोटासाठीं पहांटेची आगगाडी धरून बंगळूरला जातात आणि रात्रीं परततात. "वारसा म्हणशील तर त्यांना विचार," असें आम्हीं म्हटलें. तो कांहीं वेळानें म्हणाला, "मग काका, ह्या खड्याला मी काय म्हणूं?" "तुझा खडा म्हण. तुझ्याजवळ कागद आहे." त्याला हें उत्तर फारसें आवडलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांलाहि तें अर्धवटच वाटलें.

गेल्या दिवाळींत तो बंगळूरला आला तेव्हां खडा औषधाच्या लहान बाटलींत घालून बरोबर आणला होता. आक्का आतां चौऱ्यांशी वर्षांची आहे. तो वितळवून तिच्या साखळींत मणि ओंवावा असा त्याचा बेत. सोनाराचें म्हणणें, निसर्गांतल्या सोन्यांत थोडें रुपें असतें, तें काढून शुद्ध करावें लागेल. आक्कानें चष्मा लावून खडा पाहिला, पण हातांत घेतला नाहीं.

"ह्याचा कागद आहे?" तिनें विचारलें.

पुतण्या हंसला, आणि तिच्या मुद्रेकडे पाहून थांबला. त्यानें पाकिटांतून परवाना काढला. आक्कानें तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, मग उजेडाकडे धरून पुन्हां वाचला.

"हें नांव तुझेंच ना?"

"माझेंच, आत्या."

"आणि कोणी विचारायला आलें तर?"

"हाच कागद दाखवायचा. सांपडलेलें सोनें आपलें, असा तिथला कायदाच आहे."

"वितळवूं नकोस," ती म्हणाली. "ह्याची एक नक्कल काढून आण."

नक्कल आली तेव्हां तिनें कपाटांतून आजीच्या पाटल्यांची डबी काढली. तळाशीं कागदाची घडी घातली, तिच्यावर खडा ठेवला, आणि झांकण लावलें. मग पुतण्याच्या बोटांकडे पाहून म्हणाली, "जा बाळ, हात धुवून ये. जेवायला बसूं."